नवऱ्यांचं पान

मी तेवीस वर्षं लोकांना लग्न शिकवलं. झालेलं नव्हे, व्हायचं. आमच्या मद्रासच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, "आजी, तुमच्या सेवेचे अनुभव लिहा. तरुणांना प्रेरणा मिळेल असं काहीतरी." मी हो म्हटलं आणि आठवत बसले, तर प्रेरणा मिळेल असं माझ्या हातून फारसं काही झालेलं दिसेना. जे झालं ते लिहिते. प्रेरणा ज्याची त्याने शोधून घ्यावी.

अंक वाचणारे तुम्ही बहुतेक हिंदू घरांतले. कुणी पिढ्यान्‌पिढ्या तंजावरकडचे, कुणी नोकरीपायी पुण्या-नागपुराहून आलेले. म्हणून आधी आमचा धंदा समजावते. आमच्यात लग्न ठरलं की लगेच बार उडवता येत नाही. लागोपाठ तीन रविवारी चर्चमध्ये वधूवरांची नावं पुकारतात आणि कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा, असं विचारतात. हरकत घेणारे सिनेमात असतात. माझ्या तेवीस वर्षांत एकच गृहस्थ उठून उभे राहिले, सगळ्यांच्या माना वळल्या, आणि त्यांना पंखा बंद करायचा होता. याच सुमाराला जोडप्याने चार शनिवार वर्गाला यायचं असतं. चर्चच्या कचेरीत लग्नाच्या नोंदवह्या सांभाळायच्या आणि हा वर्ग घ्यायचा, हे माझं काम.

वर्गात शिकवायचं काय, असं शेजारणी विचारायच्या, आणि विचारताना पदर तोंडाला लावायच्या. तसलं काही नाही. आमच्या शास्त्रात, म्हणजे बायबलात, एक उतारा आहे. त्याचं सार असं, की लग्न हा आरसा आहे. ख्रिस्त हा नवरदेव, आणि त्याची मंडळी, म्हणजे सगळे भक्त मिळून, ही नवरी. त्या दोघांचं जे प्रेम, ते तुमच्या घरातल्या दोघांत दिसलं पाहिजे. मंडळी ख्रिस्ताचं ऐकते तसं बायकोने नवऱ्याचं ऐकावं. आणि नवऱ्याने काय करावं, ते मी लगेच सांगत नाही. तेवीसपैकी सतरा वर्षं मी ते कुणालाच धड सांगितलं नव्हतं. तुम्हीही जरा थांबा.

वर्ग माझ्याकडे आला तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली होते. त्या बाईचं वर्णन करायला मला फार आवडतं, कारण ती आता मला उलट बोलू शकत नाही. खळ घातलेली सुती साडी, काखेत शास्त्र, दुसऱ्या हातात छत्री, आणि चेहऱ्यावर असा भाव की स्वर्गात हिची खिडकीजवळची जागा राखून ठेवलेली आहे, फक्त गाडी लागायची बाकी आहे. बाई मूळची नगर जिल्ह्यातली, लग्न होऊन मद्रासला आलेली. तमिळ मोडकं, इंग्रजी त्याहून मोडकं, पण आवाज खणखणीत. आवाज खणखणीत असला की माणसांना वाटतं, हिला माहीत असणार.

आमचे हे, प्रभाकर, रेल्वेच्या भांडारात नोकरीला. त्यांच्या प्रेरणेने मी एक भलामोठा तक्ता रंगवला होता. वर सिग्नल, तो ख्रिस्त. पुढे इंजिन, तो नवरा. मागे डबा, ती बायको. डब्याला गुलाबी रंग, खिडक्यांना झालरीचे पडदे. तक्ता वाळत घातला होता तेव्हा ह्यांनी चष्मा वर करून पाहिला आणि विचारलं, "सुगंधा, यात गार्ड कुठे आहे?"

"तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं. "तुम्हाला अध्यात्मातलं काही कळत नाही."

अधीनतेचा तक्ता वाळत असताना मी हे बोलले, आणि माझ्या काही लक्षात आलं नाही. घरी आज कुठला शर्ट घालायचा हेसुद्धा मी ठरवायची. माझं इंजिन लग्न झाल्यापासून यार्डात उभं होतं आणि मी गावभर सांगत फिरत होते की डब्याने मागून मुकाट यावं.

आता पानाची गोष्ट. वर्गाला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तो उतारा द्यावा, असं मी ठरवलं. आमच्या कचेरीत टायपिंगला कृष्णाजी राव होते. तंजावरचे मराठी, हिंदू गृहस्थ, कपाळावर गंध, राहायला तिरुवल्लिकेणीत, कचेरीपासून पंधरा मिनिटं पायी. चर्चच्या कचेरीत हिंदू कारकून कसा, असं कुणी विचारलं तर पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, म्हणायचे, "ते चुका करत नाहीत, म्हणून." रावांचे पूर्वज कधीकाळी राजांबरोबर तंजावरला आले, आणि घरातलं मराठी त्या गाठोड्यातून अजून पुरतं सुटलेलं नव्हतं. मधूनच "सरी, सरी", म्हणजे "बरं, बरं", म्हणत तमिळमध्ये मान डोलवायचे, की पुन्हा बखर सुरू.

मला पान सुबक हवं होतं. वर ठळक मथळा, भोवती टाइपच्या फुल्यांची नक्षी, ओळींमध्ये ऐसपैस जागा. उताऱ्यात बायकांचं आधी येतं. बायकांचं संपलं आणि पान संपलं.

"बाई, अजून उरलें आहे," राव म्हणाले. "पुरुषांचा भाग मोठा आहे. दुसरें पान घेऊं कां?"

"नको, राव. एकच पान शोभतं. पुरुषांना मी तोंडी सांगेन."

तोंडी म्हणजे कसं, तर चौथ्या शनिवारी अर्धा तास. त्या अर्ध्या तासात चहा यायचा, लग्नाच्या दिवशी गाड्या कुठे लावायच्या ते ठरायचं, एखादा वर मॅचचा स्कोअर सांगायचा. बायकांना तीन शनिवार आणि एक छापील पान, पुरुषांना चहा. हे सतरा वर्षं चाललं, आणि कुणाही पुरुषाने तक्रार केली नाही, हे मी त्यांच्या सोशिकपणाचं लक्षण समजत होते.

गिऱ्हाईकं एकेक नमुनेदार. पेरुंगुडीच्या एका संगणक कंपनीतला मुलगा म्हणाला, "टीचर, चार शनिवार फार होतात. ख्रिस्त तीन दिवसांत मरणातून उठला." मी त्याला म्हटलं, "त्याला लग्न करायचं नव्हतं." एका वराबरोबर त्याची आई चारही शनिवार आली आणि वहीत टिपणं काढत बसली. सून काय काय पाळणार आहे ते लिहून नेत होती. मला ती बाई फार भाविक वाटली. मी तिला जादा पान दिलं.

आणि मग एस्तर आली.

ठेंगणी, चटपटीत तमिळ मुलगी. इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीला होती. तिचा होणारा नवरा डॅनियल त्याच भागातल्या दुसऱ्या कारखान्यात सुपरवायझर. डॅनियल आत आला, आणि पहिली गोष्ट काय केली, तर माझी खुर्ची पंख्याखाली ओढून दिली. माझी छत्री उचलून कोपऱ्यात ठेवली. पान हातात घेऊन म्हणाला, "टीचर, हे लॅमिनेट करून घेऊ का? खराब व्हायला नको." सतरा वर्षांत एवढा आदर मला कुणी दाखवला नव्हता. मी पाळकसाहेबांना जाऊन सांगितलं, जावई असावा तर असा.

एस्तर मात्र तक्त्याकडे डोकं तिरकं करून बघत होती.

"टीचर, यात ब्रेक कुठे आहे?"

"म्हणजे?"

"आमच्या लाइनवर मी ब्रेकचेच भाग तपासते. ब्रेक तपासल्याशिवाय माल गेटबाहेर सोडत नाहीत. इंजिन चुकीकडे निघालं तर डब्याने काय करायचं?"

"डब्याने विश्वास ठेवायचा," मी म्हटलं. वर्ग हसला. मला वाटलं, तिला हसला.

लग्न थाटात झालं. पांढरी साडी, डोक्याला ओढणी, आणि तमिळ ख्रिस्त्यांत असते तशी ताली, म्हणजे मंगळसूत्र, तिच्या मधोमध छोटा क्रूस. वहीवर सह्या करताना एस्तरचा हात थांबला, तेव्हा मी तिला हलकेच कोपराने ढोसलं. त्या कोपराबद्दलही मला कधीतरी कुठेतरी जाब द्यायचा आहे.

सात महिन्यांनी एका दुपारी ती कचेरीत आली. राव नेहमीप्रमाणे बाराच्या ठोक्याला घरी पळाले होते, मी एकटीच होते. एस्तर उभ्याउभ्याच बोलायला लागली. कारखान्याचं काम सोडायला लावलं. फोन त्याच्याकडे असतो. आईशी बोलायचं तर त्याच्यासमोर. रोज जेवणाआधी तो तिला पान हातात घेऊन मोठ्याने वाचायला लावतो, चुकली की पुन्हा पहिल्यापासून. दोनदा थोबाडीत बसली आहे. एकदा भाजीत मीठ जास्त होतं म्हणून, आणि एकदा का, ते तिला कळलंच नाही.

"इथे कशी आलीस?"

"चर्चला जाते म्हटलं. तेवढ्या एका जागी तो येऊ देतो." मग तिने विचारलं, "टीचर, त्या पानावर आहे तेवढंच आहे का? पुढे काही नाही?"

आता मी काय केलं ते नीट वाचा, कारण हे लिहिण्यासाठीच हा सगळा लेख आहे. मी तिला म्हटलं, "सगळं त्यातच आहे, बाळ. मन लावून वाच, त्याचं मन पालटेल."

"मी माझं पान फाडलं," ती म्हणाली. "काल."

मी खण उघडला आणि तिला नवं पान काढून दिलं. कोरं करकरीत. वर प्रार्थना केली, तिला पाणी दिलं आणि इरुंगाट्टुकोट्टैच्या बसची वेळ सांगितली. ती गेली तेव्हा मला छान वाटत होतं. एखादं अवघड काम मार्गी लावल्यावर वाटतं तसं.

दीड वाजता राव आले. शर्टाच्या बाह्या नेहमीसारख्या ओल्या. ह्या ओल्या बाह्या आणि ही बाराची धावपळ माझ्या वर्गातलं आवडतं उदाहरण होतं. नाव न घेता मी सांगायचे, "आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, बायकोच्या हाकेला दुपारी घरी धावतात. इंजिन डब्याच्या मागे लागलं की असं होतं." वर्ग दर वेळी हसायचा.

मी रावांना अभिमानाने सांगितलं, असं असं झालं, मुलीला समजावून परत पाठवलं.

राव खुर्चीत बसले नाहीत. "दुसरें पान दिल्हांत कां?"

"दुसरं कुठलं? एकच तर आहे."

ते वाकले, टेबलाचा खालचा खण ओढला, कार्बन पेपरच्या डबीखालून एक पिवळा पडलेला कागद काढला. तीच फुल्यांची नक्षी, तोच टाइप.

"तेव्हांच टाइप करून ठेविलें. अर्धा कागद माझ्या हातून सुटत नाही, बाई. म्हटलें, कधीं तरी मागाल."

"सतरा वर्षं? मग बोलला का नाहीत?"

"दोनदां बोललों. तुम्ही म्हणालांत, राव, हें तुमच्या धर्मातलें नव्हे, तुम्हांस कळणार नाही."

म्हणाले असेन. माझ्या तोंडी शोभणारं वाक्य आहे.

उतारा मला पाठ होता, हो. पण आपल्या दारावरची पाटी आपण कधी वाचतो? त्या दुपारी मी तो कागद उभ्याने वाचला. आता तुम्हालाही सांगते. नवऱ्याने बायकोवर प्रेम करावं, आणि कसं, तर ख्रिस्ताने मंडळीवर केलं तसं. त्याने काय केलं? स्वतःला देऊन टाकलं. तिने आधी ऐकावं, सुधारावं, मीठ बरोबर घालावं, मग मी प्रेम करीन, असं नाही. आधी दिलं. माणूस आपल्या अंगाला जसा जेवू घालतो, जपतो, तसं तिला जपावं. हुकूम सोडण्याबद्दल नवऱ्याला त्यात एक अक्षर नाही. आणि बायकांना सांगितलंय त्याच्या जवळजवळ तिप्पट नवऱ्यांना सांगितलंय. मी ती तिप्पट कापून नक्षीला जागा केली होती.

मला रडू यायला हवं होतं. मला राग आला, आणि तो समोर दिसला त्याच्यावर निघाला. "तुम्हाला एवढं कळतं तर रोज दुपारी दीड-दीड तास जाता कुठे?"

"वर्गात माझें उदाहरण देतां, तें इकडे ऐकूं येतें. भिंत पातळ आहे," राव शांतपणे म्हणाले. "तिचे हात अकरा वर्षें चालत नाहीत. न्हाऊं घालणें, जेवण, वेणी. मग येतों." बसचा नंबर सांगावा तसं सांगितलं आणि बाह्या दुमडून टाइपरायटरपाशी बसले.

दुसऱ्या दिवशी मी ते पिवळं पान पर्समध्ये घालून इरुंगाट्टुकोट्टैची बस धरली. राव म्हणाले होते, "पुरुष मनुष्य बरोबर न्या." मी म्हटलं, "शास्त्र बरोबर आहे." अजून मस्ती पुरती उतरली नव्हती. मला वाटत होतं, डॅनियल सज्जन आहे, पान वाचेल, एस्तरचे हात धरेल, आणि मी संध्याकाळच्या चहाला घरी.

कारखान्यांच्या मागे भाड्याच्या खोल्यांची रांग होती. डॅनियलला सुट्टी होती. त्याने दार उघडलं आणि लगेच खुर्ची पंख्याखाली ओढून दिली. खोलीत दोनच खुर्च्या. दुसरीत तो स्वतः बसला. एस्तर ओट्याला टेकून उभी. तेव्हा मला आठवलं, वर्गात चारही शनिवार त्याने खुर्ची माझीच ओढली होती. तिची कधी नाही. ती तिची तिनेच आणायची.

कपाटाच्या दारावर माझं पान चिकटवलेलं होतं. लॅमिनेट केलेलं, चकचकीत.

मी दुसरं पान पुढे केलं. "मोठ्याने वाच."

त्याने वाचलं. उच्चार चांगले, आवाज गोड. वाचून झाल्यावर कागद नीट घडी घालून मला परत दिला. "फार सुंदर आहे, टीचर. पण हे ख्रिस्ताबद्दल आहे. मी साधा माणूस."

"आणि कपाटावरचं?"

"ते प्रॅक्टिकल आहे," डॅनियल म्हणाला. "म्हणून तर तुम्ही तेवढंच दिलंत."

एवढं खरं मला आजवर कुणी तोंडावर सांगितलेलं नाही. मी एस्तरकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हतीच, जमिनीकडे बघत होती. आदल्या दिवशी दिलेलं कोरं पान तिच्या हातात होतं, वाचायची वेळ झाली असावी.

"एस्तर," मी म्हटलं, "चप्पल घाल."

"टीचर," डॅनियल अजून हसतमुख होता, "माझ्या परवानगीशिवाय ती कशी येईल? तुम्हीच शिकवलंत."

"मी शिकवलं ना? मग ते मी परत घेते," मी म्हटलं, आणि कपाटाच्या दाराचं पान ओढलं. चिकटपट्टीबरोबर हातभर रंग निघून आला. डॅनियलला त्या रंगाचं जेवढं वाईट वाटलं, तेवढं बायको दाराबाहेर गेल्याचं वाटलेलं दिसलं नाही. तो रंगच बघत राहिला, आणि तेवढ्यात आम्ही दोघी रस्त्यावर होतो.

शौर्य वगैरे काही नव्हतं. स्टॉपवर एस्तरनेच मला धरून ठेवलं. माझी छत्रीही तिनेच उघडली.

"टीचर, आता इंजिन कोण?" तिने विचारलं.

"बस येतेय," मी म्हटलं. "आधी बसू."

एस्तर आमच्याकडे तीन महिने राहिली. घर दोन खोल्यांचं. ह्यांनी आपली खोली, आपला पलंग तिला दिला आणि स्वतः हॉलमध्ये चटईवर झोपले. आणि रोज सकाळी "अयाई गं, माझी पाठ" असं अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात उठले, त्याग वाया जायला नको म्हणून. ख्रिस्ताने बहुधा कण्हत कण्हत त्याग केला नसावा. आमच्या ह्यांनी केला. पण केला, आणि त्यांना कुणी कसलं पान दिलेलं नव्हतं. मी त्या महिन्यांत एकदा त्यांना विचारलं, "आज कुठला शर्ट घालता?" ते घाबरले. म्हणाले, "का, काय झालं?"

डॅनियलने अर्थातच चर्चमध्ये तक्रार केली. मला समितीपुढे बोलावलं. सात वडील माणसं, मधोमध पाळकसाहेब. ते हळू आवाजात म्हणाले, "सिस्टर, जोडणं देवाचं काम. तुमचा वर्ग जोडण्यासाठी आहे, तोडण्यासाठी नव्हे."

मी दोन्ही पानं टेबलावर ठेवली आणि विनंती केली, की दुसऱ्या पानावरची एकेक ओळ प्रत्येकाने वाचावी. पहिल्याने वाचली. दुसऱ्याने वाचली. तिसऱ्याने चष्मा पुसायला घेतला आणि तो बराच वेळ पुसत राहिला. चौथे म्हणाले, उशीर होतोय. वर्ग माझ्याकडून काढून घेतला नाही. मला पटवून देता आलं म्हणून नव्हे. चार शनिवार फुकट घालवायला दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून.

डॅनियललाही बोलावलं होतं. तो आला, त्याने सगळ्यांच्या खुर्च्या सरळ केल्या, सगळ्यांना तो फार आवडला. पण एस्तर परत जाणार नाही म्हणाली, उभं राहून, सातांपुढे. "माझ्या लाइनवर एकदा नापास झालेला भाग पुन्हा गाडीत बसवत नाहीत," असं म्हणाली.

मग मी रावांना म्हटलं, नवं पान करायचं, दोन्ही भागांचं. म्हणजे दोन पानं टाचून.

"टाचूं नका," राव म्हणाले. "टाचण निघतें. पाठपोट काढा. एकच कागद, दोन्ही बाजू. मग कुणी अर्धें देऊं म्हटलें तरी देववत नाही."

तसंच केलं. नक्षी काढून टाकली. पुढची सहा वर्षं नवऱ्यांना तीन शनिवार आणि बायकांना अर्धा तास. उतारा वाचायला सुरुवात नवऱ्यांच्या बाजूने. मुलांच्या आया पाळकसाहेबांना भेटून आल्या, की ही बाई मुलांची डोकी फिरवते. मुलांना मी गृहपाठ द्यायचे, लग्नानंतर बायकोसाठी काय सोडाल ते एका ओळीत लिहा. एकाने लिहिलं, "हे शनिवार." एकाने दोन पानं भरून लिहिलं आणि शेवटी विचारलं, यातलं नक्की किती पाळावं लागतं. तक्त्याच्या मागच्या बाजूवर मी धोब्याचा हिशेब लिहायचे, गुलाबी डबा आतल्या बाजूला.

त्याच वर्षी एकदा धीर करून रावांच्या घरी गेले, माफी मागायला. त्यांच्या पत्नी खिडकीपाशी बसलेल्या, हात मांडीवर ठेवलेले. दोन वेण्या घातलेल्या, त्यांत मल्लिगेचा, आपल्या मोगऱ्याचा, गजरा. मी बोलायला तोंड उघडलं तोच त्या म्हणाल्या, "बैसा हो, बाई. हें पाहा, भांग पाहा. वांकडा आहे कीं नाही? अकरा वर्षें सांगत्यें, ऐकत नाहीत." राव मागे उभे होते, फणी हातात. "सरी, सरी," म्हणाले आणि भांग पुन्हा पाडायला घेतला. माझी माफी तशीच राहून गेली. त्या घरात तिला जागा नव्हती.

आता मी पेरुंगुडीला मुलाच्या फ्लॅटमध्ये असते. नातीला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, तू टॉक्सिक होतीस." मी अर्थ विचारला नाही. तिच्या तोंडावरून कळला.

एस्तर पुन्हा कारखान्यात लागली. आता तिची लाइन तीच सांभाळते. दर नाताळाला येते. मी निवृत्त झाले त्या दिवशीही आली होती. सगळे हार घालून गेल्यावर मी तिला विचारलं, माझ्यावर राग आहे का.

"पानाचा नाही, टीचर," ती म्हणाली. "मी फाडलं म्हणून सांगितलं, आणि तुम्ही खणातून दुसरं काढून दिलंत. घडीसुद्धा न पडलेलं. त्याचा आहे."

"अजून?"

"थोडा," ती म्हणाली, आणि माझ्या हातात चहाचा कप दिला.

एस्तर परत आली आणि विचारून गेली, म्हणून तिचं कळलं. पण सतरा वर्षांत माझ्या हातून किती पानं गेली? किती कपाटांच्या दारांवर ती अजून चिकटलेली असतील, किती जणींनी ती अर्धीच पाठ केली असेल, आणि किती डॅनियल अजून त्यातलं प्रॅक्टिकल शोधत असतील, हे मला ठाऊक नाही. हा अंक मराठी आहे आणि त्यातल्या बहुतेकींना तो कधी दिसणार नाही. तरी तुमच्या शेजारी, तुमच्या ऑफिसात कुणी ख्रिस्ती जोडपं असेल आणि त्यांच्या घरी फुल्यांच्या नक्षीचं एखादं जुनं पान दिसलं, तर त्यांना एवढा निरोप द्या. ते पान अर्धं आहे. घेऊन या म्हणावं, दोघांनी मिळून. मागची बाजू कोरी आहे, तिच्यावर मी उरलेलं हाताने लिहून देईन. डोळे अधू झाले असले तरी ते मला आता खरंच पाठ आहे. फक्त नवऱ्याने येताना खुर्ची मला ओढून द्यायची नाही. बरोबर आलेली असेल तिला द्यायची, आणि लिहून होईपर्यंत स्वतः उभं राहायचं. तिप्पट आहे, वेळ लागेल.